माणसाची पत आणि कागदाची पत

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थाच्या तोंडून प्रथम निघाली असेल, त्याला चुना, लांकूड, गवंडी आणि शेजारी यांच्यापासून होणारा त्रास पुरता ठाऊक असला पाहिजे. परंतु आजच्या मुंबईंत घर करूं पाहणाऱ्या माणसाला या सर्वांच्या आधीं जो एक त्रास सोसावा लागतो, त्याची त्या गृहस्थाला कल्पना नसावी. आपण घर घेण्यास लायक आहोंत ही गोष्ट, ज्यांनीं आपल्याला पूर्वीं कधीं पाहिलेलें नाहीं अशा माणसांना, कागदांच्या साहाय्यानें पटवून द्यावी लागते. वडिलांची पुंजी, पत्नीचे दागिने आणि नातलगांचा आधार एवढ्यावर शहरांत घर होण्याचे दिवस केव्हांच गेले. मध्यम स्थितींतील कुटुंबाचें घर आतां वीस वीस वर्षांच्या कर्जावर उभें राहतें. आणि त्या कर्जाचा पाया म्हणजे पत.

पत हा आपल्या भाषेंतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. ‘त्याची बाजारांत पत आहे’ असें म्हणतांना आपण व्यापाऱ्याच्या उधारीविषयीं बोलत असतों; ‘त्याची पत गेली’ असें म्हणतांना त्याच्या अब्रूविषयीं बोलत असतों; आणि पुष्कळदां या दोहोंत आपण भेदही करीत नाहीं. उधार मिळण्याची योग्यता आणि चारचौघांत ताठ मानेनें वावरण्याची योग्यता या दोन गोष्टी ज्या लोकांनीं एकाच शब्दांत सांठविल्या, त्यांना कर्ज नाकारलें जाणें ही केवळ पैशाची अडचण न वाटतां अपमान वाटावा यांत नवल नाहीं. हा अपमान कितपत खरा आहे, नाकारणाराचें कोठें चुकतें आणि मागणाराचें कोठें, याचा विचार येथें करावयाचा आहे. प्रश्न पैशाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यास आपण बांधलेले आहोंत काय? आणि विश्वास ठेवावयाचा नसला, तरी त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय?

नुसत्या तत्त्वांचा काथ्याकूट करण्यापेक्षां डोळ्यांसमोर एखादें स्थळ ठेवून विचार करणें बरें. म्हणून वाचकांना आम्ही गोरेगांवच्या पूर्वेस, महामार्गापलीकडे, आरे कॉलनींत घेऊन जातों. मुंबई शहरांत दाटीवाटीनें असलेले म्हशींचे तबेले बाहेर न्यावे आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावें, या हेतूनें सरकारनें १९४९ सालीं ही वसाहत स्थापन केली. दारा खुरोडी हे या योजनेचे सूत्रधार होते, आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. सुमारें ३,१६० एकर जमीन, तिच्यावर विखुरलेलीं तीसएक युनिटें, आणि त्यांत सोळा हजारांच्या आसपास जनावरें, असा तिचा नांवाजलेला पसारा होता. पुढें १९७७ सालीं या जमिनीपैकीं कांहीं भागावर चित्रनगरी उभी राहिली. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं एका रात्रींत झाडें तोडलीं जाऊं लागलीं तेव्हां सारें शहर खडबडून जागें झालें. आणि २०२१ सालीं येथील ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. या वादांत झाडांविषयीं पुष्कळ बोललें गेलें, आणि तें योग्यच होतें. त्या झाडांखालीं पोट भरणाऱ्या माणसांच्या संसाराविषयीं त्या मानानें थोडें बोललें गेलें.

या वसाहतींतील एका तबेलेवाल्या कुटुंबाशीं आमचा जुना स्नेह आहे. वसाहत बसली तेव्हां आजोबा आपल्या म्हशी घेऊन येथें आले; आज नातू त्याच युनिटांत दूध काढतो आणि गेलीं तीस वर्षें आमच्या दारीं तें पोंचवितो. २००५ च्या २६ जुलैला सारी मुंबई पाण्याखालीं गेली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र आलें नाहीं, आगगाडी चालली नाहीं. हा गृहस्थ मात्र कमरेइतक्या पाण्यांतून अर्धी किटली दूध घेऊन आला आणि ‘आज अर्धेंच आहे, काका’ म्हणून वर दिलगिरी दाखवून गेला. अशा माणसाची पत काय, असें कोणी आम्हांला विचारलें असतें तर आम्ही क्षणाचाही विचार केला नसता.

परंतु प्रश्न आम्हांला विचारला गेला नाहीं. मुलांच्या शाळेच्या सोयीसाठीं गोरेगांवांतच दोन खोल्यांचें घर घ्यावें, असें कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या मनानें घेतलें. सांठविलेल्या पैशांतून त्यानें विसार दिला आणि उरलेल्या रकमेसाठीं एका संस्थेकडे अर्ज केला. त्याच्या आग्रहावरून आम्हीही बरोबर गेलों होतों. अधिकारी तरुण व सभ्य होता. त्यानें तीन वर्षांचीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, हिशेबनिसानें प्रमाणित केलेला नफातोट्याचा तक्ता आणि बँकेचा उतारा मागितला. गिऱ्हाइकें महिन्याच्या आरंभीं रोख पैसे देत. त्याच रोखीनें चारा येई, सरकी येई, गड्यांचा पगार भागे. बँकेच्या खात्यापर्यंत पोंचणारी रक्कम त्यांतली थोडीशी. विवरणपत्रांत मिळकत दाखविलेली होती ती खऱ्या मिळकतीच्या निम्मीही नव्हती. त्या आंकड्यावर जेवढें कर्ज बसत होतें, तेवढ्यांत त्या घराचें स्वयंपाकघरही आलें नसतें. तारण म्हणून दुसरें कांहीं आहे काय, असें अधिकाऱ्यानें विचारलें. म्हशी याच्या, परंतु ज्या छपराखालीं त्या बांधलेल्या, तें सरकारचें, आणि तेथील याचा अधिकार परवान्यापुरता. जें चालतें तें याचें, जें जागचें हालत नाहीं तें दुसऱ्याचें. आणि घरकर्ज देणारा धनको ओळखतो तो न हालणाऱ्या वस्तूलाच.

कर्ज मिळालें नाहीं. विसाराची अर्धी रक्कम विनवण्या करून परत मिळाली, अर्धी गेली. पुढें एका पतसंस्थेनें चढ्या व्याजानें जेवढें दिलें तेवढ्यांत नालासोपाऱ्यास एक लहानसें घर झालें. परंतु दूध काढण्यास पहांटे तीनच्या आधीं सुरुवात होते. त्या वेळीं नालासोपाऱ्याहून येणार कसें? म्हणून बायकामुलें तिकडे राहतात, आणि हा तबेल्यांतील खाटेवर झोंपतो. आठवड्यांतून एकदां संध्याकाळीं पाहुण्यासारखा घरीं जाऊन येतो. घर झालें, पण घरधनी बाहेरच राहिला. त्या दिवशीं कचेरीच्या पायऱ्या उतरतांना तो आम्हांला म्हणाला, “काका, तीस वर्षांत तुमचें दूध एक दिवस तरी चुकलें का? याला पुरावा म्हणत नाहींत का?” आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्याचा प्रयत्न म्हणजेच हा लेख.

त्याची अडचण त्याच्या एकट्याची नाहीं. त्याच आरेंत वसाहतीच्या कितीतरी आधींपासून असलेले वारल्यांचे व इतर आदिवासींचे पाडे आहेत: केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा. येथील बाया परसांतली भाजी आणि रानांतली फुलें गोरेगांवच्या बाजारांत आणून विकतात. घर त्यांनीं स्वतःच्या हातांनीं बांधलेलें. परंतु जमिनीच्या दप्तरांत त्यांचें नांव नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें असा हक्क मिळण्याची वाट मोकळी केली खरी. परंतु त्या कायद्यान्वयें मिळालेला हक्क वारसानें चालतो, विकतां किंवा दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहीं. म्हणजे ज्या कायद्यानें त्यांना सावकारापासून वांचविलें, त्यानेंच तारण ठेवण्याजोगें कांहीं त्यांच्या हातीं राहूं दिलें नाहीं. आणखी पुढें चित्रनगरींत जा. दिवे लावणारे, रंगभूषा करणारे, गर्दींत उभे राहणारे शेंकडों लोक तेथें दिवसाच्या बोलीवर राबतात. त्यांची आठ महिन्यांची कमाई बारा महिन्यांस पुरते. परंतु ती पहिल्या तारखेस येत नाहीं. तिघेही कष्टाळू, तिघेही कमावते. पण छापील अर्जांतील चौकटींत तिघांपैकीं एकही मावत नाहीं.

इतकें वाचून वाचकांचा कल कर्ज नाकारणाऱ्या संस्थांना दोष देण्याकडे झाला असेल. आमचाही प्रथम झाला होता. तथापि दुसरी बाजू ऐकल्याखेरीज निकाल देणें हा न्याय नव्हे. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो तिचा नसतो. तो निवृत्त शिक्षकाचा असतो, एखाद्या विधवेचा असतो, मुलीच्या लग्नासाठीं पै पै करून ठेवणाऱ्या कारकुनाचा असतो. ठेवीदार बँकेच्या हातीं आपला पैसा देतो तो तिच्या सावधपणावर विसंबून; तिच्या दयाळूपणावर विसंबून नव्हे. दुसऱ्याच्या पैशानें उदार होणें यासारखी सोपी उदारता नाहीं, आणि यासारखी खोटीही नाहीं. रिझर्व्ह बँकेनें घरकर्जाला मर्यादा घालून दिल्या आहेत त्या याच सावधपणापोटीं: ३० लाखांपर्यंतच्या कर्जांत घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जांत ७५ टक्के. उरलेला भार घेणाराने स्वतः उचलावयाचा.

सावधपणा सुटला म्हणजे काय होतें, हें मुंबईच्या उपनगरांनीं नुकतेंच पाहिलें आहे. भांडुप येथें मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरांत निर्बंध आले, आणि ठेवीदारांना आरंभीं सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-समूहाकडे गेला होता आणि तो हजारों खोट्या खात्यांच्या आड दडविला होता, असें नंतर उघडकीस आलें. या प्रकरणांतून दोन बोध निघतात. ठेवीदाराच्या वतीनें धनकोनें कठोर असावें, हा पहिला. दुसरा याहून महत्त्वाचा: त्या बँकेंत कागदांची उणीव नव्हती, कागद मुबलक होते, आणि ते खोटे होते. कागद हें सावधपणाचें साधन आहे. कागद म्हणजेच सावधपणा नव्हे.

मग कागदावांचून, माणूस ओळखून कर्ज देणारा जुना सावकार बरा होता काय? त्याच्याविषयीं आज कित्येक जण हळहळीनें बोलतात. तो कुळाच्या तीन पिढ्या ओळखत असे, त्याच्या शेतांतील विहिरीस पाणी किती हें त्याला ठाऊक असे, आणि निकडीच्या वेळीं मध्यरात्रीं दार ठोठावलें तरी तो पैसे काढून देई. हें सर्व खरें. परंतु माणूस ओळखणें म्हणजे त्याची गरज ओळखणें, आणि गरज ओळखणारा तिचा फांस करूं शकतो. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठलीं आणि त्यांनीं मुख्यतः मागितलीं तीं खतें. हातीं आलीं तीं जाळून टाकलीं. ज्या कागदावर काय लिहिलें आहे हें वाचतां येत नव्हतें, त्यावर अंगठा उठवून ज्यांची जमीन गेली, त्यांनीं कागदाचा सूड घेतला. ओळखीवर चालणारी पत ही एकांगी ओळख होती: सावकार कुळाला ओळखे, कुळाला सावकाराची वही मात्र ओळखतां येत नसे.

या दंग्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा झाला, त्यांत एक मोठें तत्त्व दडलेलें आहे. खतांत लिहिलेली रक्कम प्रमाण न मानतां, न्यायाधीशानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय होता हें पाहावें, असें त्यानें सांगितलें. देहूच्या तुकोबांनीं आपल्या वाटणीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा प्रत्येक मराठी घरांत सांगितली जाते. धनकोनें आपणहून खत बुडविणें हा वैराग्याचा मार्ग. तो कोणा एका महात्म्यास शोभतो, त्यावर व्यवहार चालत नाहीं. ऋणकोनें खत जाळणें हा संतापाचा मार्ग. त्यानें दुसऱ्या दिवशीं कर्ज मिळेनासें होतें. खत न बुडवितां आणि न जाळतां त्याच्यामागील सत्य शोधणें हा तिसरा मार्ग आहे, आणि आमच्या मतें सभ्य समाजाचा मार्ग तोच.

याच्या उलट टोंकाला जाऊन, कागद मागणेंच सोडून दिलें तर काय होतें याचा प्रयोग अमेरिकेंत होऊन गेला आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना मिळकतीचे कागद दाखवितां येत नाहींत, म्हणून त्यांनीं आपली मिळकत तोंडानें सांगावी आणि तीच खरी धरावी, अशी घरकर्जें तेथें निघालीं. मूळ कल्पना अडलेल्या माणसाच्या सोयीची होती. परंतु पाहतां पाहतां नियमित पगार असणारेही या दारानें आंत शिरले. दलालांनीं अर्जांत वाटेल ते आंकडे भरले. कर्ज देणारे तें कर्ज पुढच्यास विकून मोकळे होऊं लागले, त्यामुळें तें फिटेल कीं नाहीं याची चिंता कोणालाच उरली नाहीं. त्या कर्जांना लोक ‘लबाडांचीं कर्जें’ म्हणूं लागले. २००७-०८ सालीं तो डोलारा कोसळला तेव्हां लक्षावधि कुटुंबांचीं घरें गेलीं, आणि त्यांत दलालांपेक्षां साधीं माणसेंच अधिक होतीं. न पेलणारें कर्ज देणें ही कृपा नव्हे. परीक्षा न घेतां उत्तीर्ण केलेल्या विद्यार्थ्याची फजिती पुढल्या वर्गांत होते. परीक्षा न घेतां दिलेल्या कर्जाची फजिती ऋणकोच्या उंबरठ्यावर होते.

आतां आमच्या स्नेह्याची बाजू मांडतांना जी गोष्ट टाळण्याचा मोह होतो, तिच्याकडे वळूं. त्याच्या विवरणपत्रांत मिळकत कमी कां होती? कारण त्यानें ती कमी लिहिली होती. लहान धंदेवाल्यांसाठीं सरकारनें हिशेब फार सोपा करून ठेवलेला आहे. ठराविक मर्यादेंतील उलाढाल असली तर तिच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असतील तर ६ टक्के, एवढा नफा धरून कर भरतां येतो. तथापि जास्त मिळाला असेल तर जास्त दाखविण्याची मोकळीक तेथेंही आहेच. परंतु कर घेणाऱ्यापुढें गरीब आणि कर्ज देणाऱ्यापुढें श्रीमंत, असे दोन चेहरे ठेवण्याची संवय आपल्या धंदेवाईक समाजांत इतकी मुरली आहे कीं, तींत कांहीं गैर आहे असें वाटेनासें झालें आहे. दोन वह्या ठेवणारा माणूस एक दिवस अशा ठिकाणीं येऊन उभा राहतो, जेथें त्याची खरी वही कोणी मानीत नाहीं आणि खोटी वही त्याला पुरी पडत नाहीं. ‘तिकडे जें लपविलें तेंच इकडे आडवें आलें,’ असें पुढें आमच्या स्नेह्यानें आपण होऊनच कबूल केलें. पतीची कसोटी घेणारा अनोळखी माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं म्हणून आपल्याला राग येतो. परंतु त्याच्या हातीं आपला जो एकमेव लेखी शब्द आहे, तो आपणच खोटा करून ठेवलेला असतो.

आणि तरीही त्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. एका खोट्या आंकड्यानें तीस वर्षांचा खरेपणा पुसला जातो काय? पाड्यांतील भाजीवालीनें तर कोणतीच वही खोटी केलेली नाहीं. तिच्याजवळ वहीच नाहीं. तिला काय उत्तर द्यावयाचें?

येथें आम्हांला एक भेद करावासा वाटतो, आणि या लेखाचें सार त्यांतच आहे. कर्ज मिळणें हा कोणाचाही हक्क नाहीं. विश्वास मागून किंवा भांडून मिळत नाहीं. तो ज्याचा त्यानें द्यावयाचा असतो, आणि धनकोस तर तो दुसऱ्यांच्या वतीनें द्यावयाचा असतो. परंतु न्याय्य परीक्षा हा प्रत्येकाचा हक्क आहे. ‘तुला कर्ज देणार नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार संस्थेस आहे. ‘तूं कोण आहेस हें पाहणारही नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार तिला नाहीं. न्यायालयाचें दार उघडें असणें म्हणजे प्रत्येक वादी जिंकणें नव्हे. परंतु दारच बंद ठेवणें हा अन्याय होय. आणि परीक्षा न्याय्य ठरावी यासाठीं ती परीक्ष्याच्या जीवनक्रमास लागू पडणारी हवी. पोहणाऱ्याची परीक्षा धांवण्याच्या पट्ट्यावर घेतली तर तो बुडत नाहीं, पण उत्तीर्णही होत नाहीं.

पगारदाराची परीक्षा ज्या मापानें होते, तें माप वस्तुतः काय मोजतें? बारीक पाहिलें तर पगारदाराची पत ही पुष्कळदां त्याच्या मालकाची पत असते. महिन्याच्या पहिल्या तारखेस खात्यांत पडणारी रक्कम त्याचा प्रामाणिकपणा सांगत नाहीं, त्याची चिकाटीही सांगत नाहीं. ती फक्त नियमितपणा सांगते, आणि तोहि दुसऱ्याचा. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी पुकारली गेली तेव्हां कित्येक भक्कम दिसणारे पगार निम्मे झाले आणि कित्येक बंद पडले. कर्जाचे हप्ते थांबविण्याची सवलत रिझर्व्ह बँकेला द्यावी लागली. त्या दिवसांतही आमच्या दारीं दूध येत होतें. नियमित मिळकत आणि नियमित माणूस या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मोजणें सोपें म्हणून दुसरीकडे पाहावयाचेंच नाहीं, ही सोय आहे. तिला शहाणपण म्हणतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट मोजतां येते काय? येते, आणि आपल्याच लोकांनीं ती मोजून दाखविली आहे. बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानें ५ फेब्रुवारी १८८९ रोजीं ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली, तेव्हां सहकारी पतपेढ्यांचा कायदाही या देशांत नव्हता. तो १९०४ सालीं झाला. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनीं १९०६ सालीं मुंबईंत शामराव विठ्ठल पतपेढी काढली, आणि गांवदेवी येथील सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं नोंदली गेली. जर्मनींत रायफायझेन यांनीं खेड्यांतील शेतकऱ्यांसाठीं जी पद्धति घालून दिली होती, तिचें मर्म या संस्थांतही होतें: ऋणकोला ओळखणारे त्याचेच शेजारी व सभासद असत, परंतु ओळखीचा लाभ एका माणसाच्या तिजोरींत न जातां सर्वांचा होई, आणि वही सर्वांसमोर उघडी असे. सावकाराची ओळख आणि बँकेचा नियम या दोहोंचा संयोग त्यांनीं साधला होता. अशा संस्था प्रथम जातीजातींत निघाल्या ही त्यांची मर्यादा होती, हेंही सांगितलें पाहिजे. जो कोणाच्याच जातींत किंवा कचेरींत मोडत नाहीं त्याला त्या उपयोगी पडल्या नाहींत.

अलीकडे परीक्षेच्या नव्या रीती निघाल्या आहेत. कागद नसणाऱ्यांनाच घरकर्ज देणाऱ्या कांहीं कंपन्यांचे लोक अर्जदाराच्या दुकानांत जाऊन बसतात, दिवसांत गिऱ्हाइकें किती येतात तें मोजतात, माल घालणाऱ्या व्यापाऱ्यास विचारतात, आणि त्यावरून मिळकतीचा अंदाज बांधतात. ही मेहनत त्यांच्या व्याजाच्या दरांत दिसते, हें खरें. गरिबास ओळखण्याचा खर्चही शेवटीं गरिबाच्याच माथीं बसतो. दुसऱ्या बाजूनें, २०१६ पासून दूरध्वनीवरून पैसे देण्याची जी पद्धति रूढ झाली, तिनें भाजीवालीचीही वही आपोआप लिहिली जाऊं लागली आहे; आणि ही वही तिच्या संमतीनें धनकोस दाखविण्याची व्यवस्थाही २०२१ पासून चालू आहे. ३०० पासून ९०० पर्यंतच्या आंकड्यांत माणसाचा पूर्वेतिहास बसविणारी सिबिलसारखी कोष्टकें आहेतच. परंतु ज्यानें कधीं कर्जच काढलें नाहीं त्याच्याविषयीं तीं मुकीं असतात, आणि मुकेपणाचा अर्थ अपराध असा करणें चूक आहे. कधींही कर्ज न काढणें हा आपल्या आजोबांच्या काळीं सद्गुण गणला जात असे. केवळ पूर्वेतिहास नाहीं एवढ्याच कारणावरून पहिल्यानें येणाऱ्याचा अर्ज फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेनेंही बँकांना सांगितलेलें आहे. हीं साधनें आम्हांला स्वागतार्ह वाटतात. मात्र त्यांचा उपयोग खताच्या मागें जाण्यासाठीं व्हावा, नव्या प्रकारचें एक खत म्हणून होऊं नये.

तेव्हां कर्तव्यें दोन्ही बाजूंस आहेत. धनकोनें परीक्षा घेण्याचे कष्ट टाळूं नयेत, आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याचें कारण सांगावें. कारण न सांगितलेला नकार माणसाला सुधारण्याची वाट देत नाहीं, त्याला केवळ लहान करतो. ऋणकोनें एकच वही ठेवावी, आणि ती सरकारासमोर, धनकोसमोर व स्वतःसमोर सारखीच उघडावी. पतीची अर्धी किंमत धनकोच्या दृष्टींत असते. उरलेली अर्धी ऋणकोच्या लेखणींत. आणि समाजानें, म्हणजे तुम्हीं आम्हीं, ज्यांच्या नियमितपणावर आपला दिवस उगवतो, त्यांच्यासाठीं साक्ष देण्यास पुढें यावें. तीस वर्षांचा पुरावा होता, परंतु तो आमच्याजवळ होता, आणि आम्हीं तो कधीं लिहून दिला नव्हता.

आमच्या स्नेह्याचा मुलगा आतां दूध घालूं लागला आहे. पैसे तो दूरध्वनीवरून घेतो, आणि गेल्या वर्षापासून खरी मिळकत दाखवून पुरता कर भरतो. तीन वर्षें भरलीं म्हणजे गोरेगांवांतल्या घरासाठीं पुन्हां अर्ज करण्याचा त्याचा विचार आहे. परवां तो आला तेव्हां, आमच्या घरांत दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वह्या असतील तर त्या हव्या आहेत, असें वडिलांचें सांगणें असल्याचें तो म्हणाला. माळ्यावरच्या पेटींत शोधल्यावर बावीस वर्षांच्या सांपडल्या. पानें पिंवळीं पडलीं आहेत. रोजच्या रकान्यांत लिटराचे आंकडे आहेत, आणि २००५ च्या २७ जुलैपुढें आमच्या सौभाग्यवतींच्या अक्षरांत ‘अर्धा’ असें लिहिलेलें आहे. अशा वह्या कोणतीही संस्था मागत नाहीं, हें आम्हीं त्याला सांगितलें. “माहीत आहे काका,” तो म्हणाला, “पण बाबा म्हणाले, कधीं कोणी मागितल्याच, तर असाव्यात.” आम्हीं त्या एका फडक्यांत बांधून त्याच्या हवालीं केल्या.